न तोडायचं फूल

लग्न करून मी डोंबिवलीला आले तेव्हा मला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं माहेर ठाण्याला, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. आमच्या गॅलरीत एक तुळस होती आणि पानं पुसल्याशिवाय ती हिरवी आहे हे कळत नसे. त्यामुळे तळमजल्याचं घर आणि स्वयंपाकघराच्या मागे सोसायटीने सोडलेली मातीची पट्टी, असं सासर मिळाल्यावर माझ्या आईला कोण आनंद झाला. "निदान मोकळा श्वास तरी घेशील," म्हणाली. श्वास घ्यायला मला वेळ होता कुठे? चौतिसाव्या वर्षी लग्न, नवरा बिजवर, घरात सासूबाई आणि नऊ वर्षांची एक मुलगी. ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या भिंतीकडे बघायची.

भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता. चंदनाचा हार घातलेला. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. घरातले पडदे तिने निवडलेले, चहाचे कप तिने घेतलेले, आणि मी त्याच कपातून चहा पीत होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. खोटं कशाला बोलू, वाटायचं.

मला त्या मुलीची आई व्हायचं नव्हतं. ती जागा भरलेली होती. पण त्या घरात मी कुणीतरी असायला हवं होतं, आणि ते कोण हे त्या मुलीवाचून ठरणार नव्हतं. ती मला आपली म्हणते की नाही, यावर माझं सगळं अडलेलं होतं. आणि माझा स्वभाव हा असा. राग नाकाच्या शेंड्यावर. गोडगोड बोलून कुणाला आपलंसं करणं मला आजवर जमलेलं नाही. सासूबाईंनी तिला सांगितलं होतं, "यांना मावशी म्हणायचं." ती म्हणायची, पण गरज पडली तरच, आणि पुढे "तुम्ही" लावून.

रोज सकाळी शाळेचा युनिफॉर्म घालून झाला की ती मागचं दार उघडून पट्टीत जायची आणि एका झाडापाशी उकिडवी बसायची. मी कणीक मळता मळता खिडकीतून बघायचे. झाड म्हणजे नुसती पाती. हिरवीगार, लांब, चपटी, सगळी एका जागेतून निघून पंख्यासारखी पसरलेली. मला वाटलं वेखंड असेल. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "छे गं, वेखंड कसलं! ते तिच्या आईचं आयरिस. फुलं मात्र गोजिरवाणी येतात हो."

होळीच्या आसपास ती फुलं मी पहिल्यांदा पाहिली. दांडीसुद्धा पात्यासारखीच चपटी, म्हणून फूल थेट पात्यातून फुटल्यासारखं दिसतं. बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्या, आतल्या तीन निळ्याजांभळ्या आणि शेंड्याशी आत वळलेल्या, बुडाशी तपकिरी पट्टे. मंद गोडसर वास. मी तर खुळ्यासारखी बघतच राहिले. सकाळी उमलतं, दुपार कलली की मिटायला लागतं आणि संध्याकाळी त्याचा ओल्या कागदासारखा बोळा होतो. एका दिवसाचं फूल. ज्याला बघायचं त्याने त्याच दिवशी बघायचं.

सासूबाई उजाडताच परडी घेऊन बाहेर पडायच्या. जास्वंद, तगर, अनंत, जे हाताला लागेल ते देवाला. त्यात हेही. दांडीसकट तोडायच्या, म्हणजे देव्हाऱ्यात नीट उभं राहतं. मुलगी उठेपर्यंत फूल देवाच्या डोक्यावर. ती देव्हाऱ्याकडे बघायची आणि बूट घालायला लागायची. मला वाटलं, देवाचं काही वावडं असेल पोरीला.

मग तिच्या आईची तिथी आली. त्या दिवशी पाच फुलं एकदम उमलली होती. या झाडाची ही एक तऱ्हा आहे, उमलली तर सगळी एकाच दिवशी, नाहीतर एकही नाही. सासूबाई गहिवरून म्हणाल्या, "बघ, तिला कळलं आज तिचा दिवस आहे ते." त्यांनी पाचही तोडली, तबकात मांडली आणि फोटोखाली ठेवली. मी फोटोची काच पुसली, समई लावली. मलाही ते फार सुंदर वाटलं. आईचं झाड, आईची फुलं, आईच्याच फोटोला. पोर बघून सुखावेल असं मला अगदी मनापासून वाटलं. आपल्यात माणूस गेलं की आपण दुसरं करतो तरी काय? फोटो लावतो आणि फूल वाहतो.

मुलगी शाळेतून आली ती दारातच थांबली. दप्तर पाठीवर तसंच ठेवून मागे गेली, पुन्हा आत आली.

"कुणी तोडली?"

"अगं, तुझ्या आईलाच वाहिली ना," सासूबाई म्हणाल्या. "तिचंच झाड, तिलाच."

"आई म्हणालेली, हे फूल तोडायचं नाही. त्याच्या जागी पिल्लू येतं."

रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, ओरडली नाही. मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि जेवायला उठली नाही. आईच्या नावाचं जेवण, पानात खीर, वडे, आणि पोर उपाशी. सासूबाई ओट्याला टेकून डोळ्यांना पदर लावून उभ्या. "मी काय वाईट केलं गं? माझी काय ती सून नव्हती?" त्यांचंही खरं होतं. त्या सुनेवर त्यांचा किती जीव होता हे त्या दिवशी मला कळलं, आणि कळून थोडं दुखलंही.

मला समजूत घालता येत नाही. मी जाऊन पायरीवर तिच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "पिल्लू म्हणजे काय?"

तिने उठून भिंतीजवळची पाती बाजूला केली आणि एक जुनी वाळकी दांडी दाखवली. दांडी कमानीसारखी वाकून जमिनीला टेकली होती आणि जिथे टेकली तिथे दुसरं झाड उभं होतं. "फूल सुकलं ना, की तिथेच छोटं झाड येतं. ते जड झालं की दांडी खाली वाकते. मग माती लागली की त्याला मुळं फुटतात. मग त्याला फूल येतं. मग पुन्हा पिल्लू." तिने बोटाने दाखवलं. "आईने पहिलं तिकडे नळाजवळ लावलेलं. ते चालत चालत इथपर्यंत आलं."

नळापासून त्या पायरीपर्यंत चांगलं सहा-सात हात अंतर असेल.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता नाही चालत. आई गेल्यापासून एकपण पिल्लू नाही आलं. आजी दर वेळी तोडते."

दोन वर्षं ही पोर रोज सकाळी तिथे बसून तेच बघत होती. झाड पुढे जातंय का. आणि मोठी माणसं दर वेळी, अगदी भक्तिभावाने, त्याचं पुढचं पाऊल खुडून देवाला वाहत होती.

सासूबाईंना तोडू नका म्हणून सांगणं सोपं नव्हतं. नव्या सुनेने देवाच्या आड यायचं म्हणजे आ बैल मुझे मार. शिवाय दारी फुलं असताना परडी रिकामी ठेवणं त्यांना जमलंच नसतं. मग मी कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला फुलपुडी लावली. दुसऱ्या दिवसापासून दाराच्या कडीला पुडी लटकायला लागली. झेंडू, शेवंती, दूर्वा, दोरा गुंडाळून केळीच्या पानात. मी सासूबाई उठायच्या आधी ती सोडून परडीत भरून ठेवायचे.

"दारची फुलं सोडून विकतची?" त्या म्हणाल्या. "देवाला काय वाटेल?"

"देवाला काही वाटत नाही, आई. वाटतं ते आपल्याला," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. मग मी पिल्लाचं सांगितलं. त्या मोसमात आणखी एकदा फुलं आली, त्या सकाळी मी खिडकीतून पाहिलं, परडी घेऊन त्या आयरिसपाशी उभ्या होत्या. हात पुढे गेला आणि मागे आला. नंतर तगरीकडे वळल्या.

ती फुलं दांडीवरच सुकली. पुढे त्या जागी खरंच हिरवं टोक दिसायला लागलं. पोपटाच्या चोचीएवढं. मुलगी धावत आत आली, सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि शेवटी मला म्हणाली, "आलं." एवढंच. मी हातातलं लाटणं टाकून बाहेर गेले.

मग माझे आकडे नाहीसे व्हायला लागले. तेव्हा माझे केस लांब होते, अंबाडा घालायचे, त्याला काळे आकडे लागायचे. आज एक नाही, उद्या दोन नाहीत. नवऱ्यावर ओरडून झालं, केर काढणाऱ्या बाईंवर संशय घेऊन झाला. एके दिवशी पट्टीतलं तण काढताना आकडा बोटाला टोचला. बघते तर दांडी मातीपर्यंत वाकवून, पिल्लाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी मातीत आकडा खुपसलेला. वाऱ्याने हलू नये आणि मुळं धरावीत म्हणून. प्रत्येक पिल्लाला एक. माझे सगळे आकडे तिथे गंजत उभे होते.

रागावायला हवं होतं, पण राग आला नाही. त्या बाईचं झाड आणि माझे आकडे. मी मातीचा हात तसाच ठेवून तिथेच जरा वेळ बसून राहिले. संध्याकाळी मी आकड्यांचं अख्खं पाकीट आणून मागच्या दाराच्या फळीवर ठेवलं. पाकीट हळूहळू रिकामं होत गेलं.

त्या झाडाने मला बरंच शिकवलं. कडक ऊन त्याला सोसत नाही, सकाळचं कोवळं चालतं. माती ओलसर हवी, पण पाणी तुंबलं की बुंधा कुजतो. पावसाळ्यात गोगलगायी पाती कुरतडतात, त्या वेचून पलीकडे टाकायच्या. त्या परत येतात, पुन्हा टाकायच्या. चहाचा चोथा धुऊन घातला की पानं तजेलदार होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिल्लू टेकलं म्हणून लगेच दांडी कापायची नाही. मुळं नीट धरेपर्यंत ते आईकडूनच जेवत असतं. घाई केली की दोघांनाही ते सोसत नाही. हे मला मुलीनेच सांगितलं. ती सांगत होती आणि मी हूं हूं करत होते. मध्येच लक्षात आलं की ती "मावशी, तू नीट बघ ना" म्हणतेय. "तुम्ही" कधी गळून पडलं होतं कोण जाणे.

सासूबाई तर पुढे झाडाच्या पहारेकरी झाल्या. शेजारच्या विंगमधल्या एक काकू सकाळी फिरायला जाता जाता लोकांची फुलं तोडून पिशवी भरायच्या. एकदा त्यांचा हात आयरिसकडे गेला तशा आमच्या सासूबाई खिडकीतून कडाडल्या, "अहो, त्याला हात लावायचा नाही! त्याला पिल्लू येतं!" काकूंना वाटलं मांजर व्यायलंय, त्या दचकून मागे सरल्या. आम्ही मायलेकींनी, म्हणजे मी आणि तिने, आत हसून हसून पोट धरलं.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. मुलगी दहावीला होती. सोसायटीने ठरवलं की मागच्या पट्टीत पेव्हर ब्लॉक टाकायचे, म्हणजे स्कूटर लावता येतील. चेअरमन चौथ्या मजल्यावर राहायचे, त्यांचा त्या मातीला कधी पाय लागलेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? मीटिंगमध्ये मी उठले. पाणी मुरणार कुठे, पावसात तळमजल्यात शिरलं तर उपसायला कोण येणार, स्कूटर लावायला पुढे जागा आहे ती कुणी अडवलीय, सगळं काढलं. नवरा माझी साडी खाली ओढत होता. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी आमच्या स्वयंपाकघरामागची पट्टी राहिली, पलीकडची गेली.

जिना उतरताना ती म्हणाली, "मावशी, केवढी ओरडतेस गं!"

"मग? गप्प बसायचं?"

"आई असती तर गप्प बसली असती. ती कुणाशीच भांडायची नाही." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "झाड गेलं असतं मग. बरंय तू भांडकुदळ आहेस."

माझ्या भांडकुदळपणाचं असं कौतुक ना माहेरी कुणी केलं होतं, ना सासरी. त्या रात्री मी फोटोकडे जरा ताठ मानेने पाहिलं.

बारावीनंतर ती शिकायला पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "फुलं आली की कळव." मी दर वेळी फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, "आज आलंय." त्या दिवशी घरात जो असेल त्याने चहाचा कप घेऊन मागे जायचं आणि चहा संपेपर्यंत फुलासमोर उभं राहायचं, असा आमचा नेम झाला होता. सासूबाई शेवटी शेवटी खुर्ची घेऊन बसायच्या. त्या गेल्या तेव्हा पावसाळा होता, फुलं नव्हती. त्यांच्या फोटोला मी फुलपुडीतली शेवंती घातली. त्यांना चाललं असतं.

आम्हाला मूल झालं नाही. ठरवलं होतं असं नाही आणि फार धडपड केली असंही नाही. एकदा दिवस गेले होते, ते टिकले नाहीत. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण दोन दिवस ती शाळेतून आली की माझ्या पलंगाशी बसून अभ्यास करायची. मी त्यानंतर फार विचार केला नाही, असं मला वाटायचं. मग बावन्नाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल, आणि मला एकदम रडू फुटलं. जी पिशवी कधी कामाला आली नाही तिच्यासाठी रडायचं काय? पण आलं रडू.

तोवर मुलगी नोकरीला लागली होती, तिचं लग्न झालं होतं. ठाण्याला घोडबंदरच्या बाजूला एकोणिसाव्या मजल्यावर दोघं राहतात. ऑपरेशनही ठाण्यालाच ठरलं, तिच्याच धावपळीने. होळी नुकतीच होऊन गेली होती. हॉस्पिटलची बॅग भरताना मी मागच्या दारातून पाहिलं, दांड्यांवर कळ्या फुगल्या होत्या. "बघ, यंदाची फुलं माझ्याविना उमलणार," मी कुरकुरले. ती माझ्या गाऊनच्या घड्या घालत होती.

हॉस्पिटलात एक तरुण सिस्टर माहिती विचारायला आली.

"डिलिव्हरी किती?"

"एकही नाही."

"मुलं?"

"एक मुलगी."

तिने मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे एक मुलगी," मी म्हणाले. माझा आवाज असा लागला की तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मात्र माझी चिडचिड व्हायला लागली. टाके दुखत होते, हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. आदल्या रात्री मुलगी बाबांना सोबत म्हणून डोंबिवलीला राहिली होती. सकाळी लवकर येते म्हणाली होती, दुपार व्हायला आली तरी पत्ता नव्हता. मी नवऱ्याला फोन करून त्याच्यावर राग काढला. तो नुसता "येतेय ती, येतेय," म्हणत राहिला.

ती आली तेव्हा घामाघूम होती. दोन्ही हातांत प्लास्टिकची अर्धी कापलेली पाण्याची बाटली, वरून ओढणी झाकलेली. "शीळफाट्याला अडकलेलो आम्ही, तासभर," ती धापा टाकत म्हणाली. "ड्रायव्हरला म्हटलं एसी फुल ठेवा, पटकन हॉस्पिटलला चला. तो मागे वळून वळून बघतोय, मॅडम, पेशंट किधर है?"

तिने ओढणी काढली.

आयरिस होतं. दांडीसकट. एक पाकळी जरा मलूल झाली होती, पण उघडं होतं. निळं, पांढरं, बुडाशी तपकिरी पट्टे. खोलीतल्या फिनेलच्या वासात तो मंद वास आला आणि मी आधी काय बोलले असेन?

"तोडलंस?" मी ओरडले. "अक्कल आहे का गं तुला? फोटो पाठवायचास ना!"

"फोटोत वास येत नाही. तू पुण्याला पाठवायचीस ना, मी दर वेळी रडायचे."

"पण तोडलंस?" मला दुसरं काही सुचतच नव्हतं. "पिल्लू येणार होतं तिथे. तू देवाला दिलं नाहीस कधी. आईच्या फोटोला दिलं नाहीस. लग्नात गजऱ्यात माळू म्हटलं तर नाही म्हणालीस."

"आईजवळ अख्खं झाड आहे," ती म्हणाली. बाटली तिने माझ्या उशाशी टेबलावर ठेवली, फुलाचं तोंड माझ्याकडे केलं. "तुझ्याजवळ काय होतं इथे?"

मला रडू आवरेना. रडताना टाके दुखतात हे कुणी आधी सांगत नाही. ती एका हाताने माझ्या पोटावर उशी धरून बसली आणि दुसऱ्या हाताने नाक पुसत राहिली. मी इतकी वर्षं या मुलीला जीव लावला तो मोजून कधी सांगितला नाही, तिनेही कधी विचारला नाही. त्या दिवशी तिच्या केसांवरून हात फिरवत मी म्हणाले, "माझी गुणाची बाय ती," आणि तिने ते चालवून घेतलं.

नेमाप्रमाणे तिने थर्मासमधला चहा कपात ओतला, मला दोन घोट दिले, आणि चहा संपेपर्यंत आम्ही दोघी फुलासमोर बसून राहिलो. संध्याकाळी त्याचा बोळा झाला. तीच तरुण सिस्टर बाटली उचलायला आली, "सुकलंय हे, टाकू ना?"

"नको," मी म्हणाले. "अजून दोन कळ्या आहेत. आणि त्याला पिल्लू यायचंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली, पण बाटली तिने जागेवर ठेवली. घरी जाताना गाडीत ती बाटली मी मांडीवर धरली होती.

दांडी तोडली की पिल्लू येत नाही, अशी आमच्या घरची इतक्या वर्षांची समजूत. देव्हाऱ्यातली फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जायची, त्यांना पाण्यात ठेवून वाट पाहिली होती कुणी? मी दर दोन दिवसांनी पाणी बदलत राहिले. आशा नव्हती, पण पलंगावर पडून दुसरं काम तरी काय होतं? एके सकाळी चष्मा लावून बघते तर फूल गळून गेलेल्या जागी हिरवं टोक. पोपटाच्या चोचीएवढं. मी फोन करून मुलीला एवढंच सांगितलं, "आलं."

त्याला दोन-चार पांढरी मुळं फुटली तशी ती एका रविवारी कुंडी घेऊन आली. मला वाटलं, ठाण्याला नेणार. तिने मागच्या पट्टीतली माती भरली, दांडी आडवी ठेवून पिल्लू मातीला टेकवलं, आणि तिला काहीतरी हवंय हे माझ्या लक्षात आलं. मी उठायला लागले. पण माझे केस कापून कितीतरी वर्षं झाली, घरात आता आकडा कुठून असणार? तेवढ्यात तिने पर्स उघडली. आत आकड्यांचं नवं पाकीट होतं. तिचेही केस मानेपर्यंतच आहेत.

पिल्लाच्या बुडाशी आकडा खुपसून तिने माती दाबली आणि कुंडी माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवली.

"मागची सगळी आईची," ती म्हणाली. "हे तुझं."

अजून त्याला फूल आलेलं नाही. येईल तेव्हा कुणीही तोडायचं नाही, देवाला नाही आणि पुढेमागे माझ्या फोटोलाही नाही, हे मी घरात सगळ्यांना आत्ताच बजावून ठेवलं आहे.